टोचन लावताना खरा प्रश्न: मागची गाडी थांबवणार कोण?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. वडिलांची 2004 सालची मारुती ओम्नी कराडजवळच्या गावी तीन वर्षं उभी आहे आणि तिचं इंजिन जाम झालंय. ती पुण्याला आणायची आहे, ओढायला घरची बोलेरो आहे. इंग्रजी ए अक्षराच्या आकाराचा लोखंडी टो-बार तुम्ही मागवून घेतला आहे आणि त्यावर दोन टन असं छापलंय. अमेरिकेतल्या एका व्हिडिओत मोठ्या घरगाडीमागे छोटी कार अशाच बारने, आत कोणी न बसता, हायवेवर पळताना तुम्ही पाहिली. म्हणून विचारता आहात: दोरापेक्षा बार बरा ना? ओम्नीत माणूस बसवावाच लागेल का? ओम्नी तर आठशे किलोचीही नाही, मग दोन टनांचा बार तुटायची भीती कशाला?

माझं शिरवळ-खंडाळ्याच्या पट्ट्यात गॅरेज आहे. सव्वीस वर्षं बंद पडलेल्या गाड्या उचलून, ओढून आणायचं काम करतोय. आमच्याकडे याला टोचन म्हणतात. दोर असो, साखळी असो की दांडा, ‘टोचन लाव’ म्हटलं की ड्रायव्हरला कळतं. ‘टो-चेन’चंच टोचन झालं असं जुने ड्रायव्हर सांगायचे. मी पुढे दांडा म्हणेन तेव्हा तुमचा टो-बारच समजा.

आधी एक सांगतो. बार तुटेल का, हा तुमचा प्रश्न आहे. माझ्या मते विचारायचा प्रश्न दुसराच आहे. मागची गाडी थांबवणार कोण?

हे घरीच करून बघा. सपाट डांबरी रस्त्यावर ओम्नी न्यूट्रलमध्ये टाका, टायरांत हवा नीट भरा आणि मागून ढकला. एकटा माणूस ती हलवतो. एकदा चाकं फिरायला लागली की चालू ठेवायला जेमतेम 12-15 किलोचा जोर पुरतो. म्हणजे सपाट रस्त्यावर ओढताना दांड्यावर ताण असा येतच नाही, साधी सुंभाची दोरीसुद्धा तेवढं सहन करेल. आता उलटा विचार करा. पुढे कुत्रं आडवं आलं आणि तुम्ही बोलेरोचा ब्रेक जोरात दाबला. ओम्नी 785 किलोच्या आसपास. तिच्या चाकांना कोणी ब्रेक लावलेला नाही. त्या क्षणी ती दांड्यातून बोलेरोच्या शेपटीवर 400 किलोच्या आसपासचा रेटा देते. ओढायला 15 आणि थांबवायला 400! म्हणून दांड्यावर छापलेले दोन टन वाचून मला धीर येत नाही. दांडा टिकेल हो, पण त्याच्या टोकाला असलेली पिन, तिच्याखालचा हुक, हुकाचे बोल्ट, ओम्नीच्या पुढच्या क्रॉसमेंबरचा, म्हणजे चासीच्या आडव्या पट्टीचा, गंजलेला पत्रा आणि बोलेरोची मागची दोन चाकं, हे सगळं टिकलं पाहिजे.

मागच्या दोन चाकांचं मुद्दाम लिहिलं. ब्रेक दाबला की कुठल्याही गाडीचं वजन पुढे झुकतं, मागची चाकं हलकी होतात. रिकामी बोलेरो मागून आधीच हलकी. त्याच वेळी मागून रेटा आला आणि रस्ता सरळ असेल तर फार काही होत नाही, गाडी थोडी उशिरा थांबते. पण वळणावर असाल तर तो रेटा सरळ न येता तिरका येतो. बोलेरोची शेपटी बाहेरच्या बाजूला ढकलली जाते आणि दोन्ही गाड्या कात्रीच्या पात्यांसारख्या मिटतात. पावसाच्या पहिल्या सरीनंतर, रस्त्यावर तेल-माती एकत्र झालेली असताना, हे घडायला डोळे मिटण्याएवढाही वेळ लागत नाही. माझ्या समोर एक जीप अशी मिटलेली मी पाहिली आहे. वेग चाळीससुद्धा नव्हता.

वेगाचा हिशोबही इथेच करून टाकू. गाडीत साठलेला जोर वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. ताशी 24 किलोमीटरने जाणारी ओम्नी थांबवायला ब्रेकना जेवढं काम पडतं, त्याच्या सव्वासहा पट काम ताशी 60 ला पडतं. 24 हा आकडा मी मनाने घेतलेला नाही. आपल्याकडच्या 1989 सालच्या रस्ता नियमावलीत टोचन लावलेल्या गाडीसाठी हीच वेगमर्यादा लिहिलेली होती. 2017 साली त्या नियमावलीच्या जागी नवीन ड्रायव्हिंग नियमावली आली. पण जुन्या नियमावलीतलं टोचनाचं कलम मी गॅरेजमधल्या प्रत्येक पोराला तोंडपाठ करायला लावतो, कारण त्यातली एकेक ओळ कुणाच्या तरी अपघातातून आलेली वाटते.

त्या जुन्या कलमात काय होतं ते सांगतो, ओम्नीत माणूस बसवण्याच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे. एक, बंद पडलेली किंवा अर्धवट जोडणी झालेली गाडीच ओढायची, आणि तीही डिलिव्हरीसाठी किंवा जवळच्या गॅरेज अथवा पेट्रोल पंपापर्यंत. दोन, ओढल्या जाणाऱ्या गाडीच्या ड्रायव्हर सीटवर लायसन्स असलेला माणूस हवा. नसेल तर तिची स्टेअरिंगची चाकं क्रेनने किंवा तशाच साधनाने रस्त्यापासून वर पक्की उचललेली हवीत. तीन, दोन गाड्यांमधलं मोकळं अंतर कधीही 5 मीटरपेक्षा जास्त नको, आणि दोर किंवा साखळी इतरांना लांबून दिसली पाहिजे. चार, मागच्या गाडीच्या पाठीवर पांढऱ्या रंगावर काळ्या अक्षरांत ‘ऑन टो’ असा फलक हवा, अक्षरांची उंची किमान 75 मिलिमीटर.

म्हणजे ओम्नीत माणूस बसवावा लागेल का, याचं उत्तर हो. व्हिडिओतली रिकामी कार हा वेगळा प्रकार आहे, आणि तो समजून घेण्यासारखा आहे म्हणून थोडं थांबतो.

ए आकाराच्या दांड्याचे दोन पाय मागच्या गाडीला दोन ठिकाणी जोडलेले असतात आणि टोक पुढच्या गाडीच्या हुकावर फिरतं राहतं. त्यामुळे दांडा मागच्या गाडीच्या तोंडाशी काटकोनात पक्का राहतो, डावी-उजवीकडे हलतो तो फक्त पुढच्या टोकाला. पुढची गाडी वळली की दांडा ओम्नीचं तोंड त्या बाजूला खेचतो, आणि ओम्नीची पुढची चाकं आपोआप तिकडे वळतात. का वळतात? भाजीबाजारातल्या हातगाडीचं किंवा दवाखान्यातल्या स्ट्रेचरचं फिरतं चाक आठवा. ते ज्या दिशेला ओढाल तिकडे आपणहून शेपटी फिरवून सरळ होतं. मोटारीच्या पुढच्या चाकांची बसवणूकही थोडी तशीच तिरकी ठेवलेली असते. म्हणून स्टेअरिंग मोकळं असेल तर गाडी मागे मागे येते. पण तीच गोष्ट उलट्या दिशेला घातक. रिव्हर्स घेतलात की तीच चाकं एका बाजूला पूर्ण मुडपतात, टायर आडवे घासतात आणि दांड्याचा एक पाय वाकतो. ए दांडा लावून रिव्हर्स घ्यायचाच नाही. चुकीच्या गल्लीत शिरलात तर पिन काढायची, गाडी हाताने मागे ढकलायची आणि पुन्हा जोडायची.

आता अमेरिकेतली ती जोडणी. तिथे छोट्या कारच्या चासीला आधी जाड लोखंडी बेसप्लेट कायमची बसवतात आणि दांडा तिलाच जोडतात. दोन सुरक्षा केबल असतात. मागच्या गाडीचे दिवे पुढच्याच्या वायरिंगला जोडतात. आणि मुख्य म्हणजे पुढच्याने ब्रेक दाबला की छोट्या कारचा ब्रेक पेडल दाबणारं यंत्र तिच्यात ठेवलेलं असतं. म्हणजे मागची गाडी कोण थांबवणार, या प्रश्नाचं उत्तर त्यांनी यंत्राने दिलेलं असतं. व्हिडिओत दांडा दिसतो, कारच्या आतलं ते यंत्र दिसत नाही. ब्रिटनमध्येही ए दांड्याने जोडलेली कार ट्रेलर म्हणूनच मोजतात, आणि 750 किलोच्या वरच्या ट्रेलरला चालू ब्रेक असलेच पाहिजेत अशी अट आहे. तुमच्या ओम्नीचं वजन त्या रेषेच्याही थोडं वरच आहे.

दोर की दांडा, याचं उत्तर अंतरावर, रस्त्यावर आणि मागे बसणाऱ्या माणसावर अवलंबून आहे. दोराने ओढताना पुढचा फक्त ओढतो, दोघांचाही ब्रेक मागच्याच्या पायात असतो. पुढचा हळू झाला की दोर सैल पडतो. त्याआधीच मागच्याने हलका ब्रेक लावून दोर ताठ ठेवायचा असतो. हे जमायला सराव लागतो. जमलं नाही की दोर सैल पडतो, मग पुढचा निघतो आणि सगळा झटका एका क्षणात हुकावर बसतो. त्या झटक्याने हुक उपटून काचेतून आत आलेले आहेत. नायलॉनच्या दोराचा ताणून सोडलेल्या रबरासारखा प्रकार होतो, त्यामुळे दोर किंवा पट्टा वापरलात तर त्याच्या मधोमध ओलं पोतं किंवा जुनी गोधडी गुंडाळून टाका. तुटला तर तो जमिनीकडे जातो. लाल फडकंही त्याच पोत्याला बांधायचं. आणि दोराला गाठ मारू नका, शॅकल म्हणजे पिनेने बंद होणारी लोखंडी कडी वापरा. गाठीने दोराची ताकद जवळपास निम्मी होते, शिवाय ती गाठ नंतर कोयत्यानेच सुटते.

दांड्याने ओढताना झटका हा प्रकार उरत नाही, अंतर कायम राहतं आणि उतारावर मागची गाडी पुढच्याच्या अंगावर येत नाही. म्हणून दोघांपैकी निवडायचं तर मी दांडा निवडेन. पण मघाशी सांगितलेला रेटा दांड्यातूनच येतो. दोर रेटा देऊ शकत नाही, दांडा देतो. म्हणून दांडा लावला तरी मागच्या माणसाचे पाय कामाचेच. माझ्या गॅरेजात नियम असा: पुढच्याचा ब्रेक लाइट पेटला की मागच्यानेही पेडलवर पाय टेकवायचा.

आता तुमच्याच गाडीबद्दल. इंजिन जाम आहे म्हणजे ब्रेकला बूस्टरची, म्हणजे इंजिनच्या व्हॅक्यूमवर पेडलचा जोर वाढवणाऱ्या डब्याची, मदत नाही. बूस्टर असलेली गाडी बंद असताना पेडल दोन-तीनदा दाबलं की साठलेला व्हॅक्यूम संपतो आणि नंतर पेडल दगडासारखं लागतं. ब्रेक लागतो, पण उभं राहून दाबल्यासारखा जोर लावावा लागतो. ज्याला हे माहीत नाही तो ‘ब्रेक गेले’ म्हणून घाबरतो. ओम्नीला पॉवर स्टेअरिंग नाही, ते एक बरं. पण स्टेअरिंग लॉक आहे. चावी स्विचमध्येच ठेवून एक खटका पुढे फिरवलेली हवी. चावी काढून खिशात ठेवली आणि पहिल्या वळणावर स्टेअरिंग लॉक झालं, असं आमच्याकडे आलेल्या एका व्हॅनच्या बाबतीत घडलं आहे. व्हॅन सरळ शेतात.

अजून एक, आणि हे फार मनापासून सांगतो. ओम्नीला बॉनेट नाही. बसणाऱ्याचे गुडघे आणि पुढचा बंपर यांच्यामध्ये एक पत्रा आणि हेडलाइटची जागा, एवढंच. दांडा सुटून वर उचलला गेला किंवा बोलेरोवर आदळला तर मध्ये कुणी नाही, पायच आहेत. बोलेरोसारख्या नाकवाल्या गाडीत बसून टोचन घेणं आणि ओम्नीत बसून घेणं यात हा फरक आहे. त्या सीटवर तुम्ही धाकट्या भावाला बसवणार असाल तर वेगाचा काटा पाहताना त्याचे गुडघे आठवा.

तीन वर्षं उभी गाडी म्हणजे इंजिन हा एकच बिघाड नसतो. मागच्या ड्रमला ब्रेक शू गंजाने चिकटलेले असतात. हँडब्रेक लावून ठेवलेली असेल तर नक्कीच. जॅकवर उचलून प्रत्येक चाक हाताने फिरवा. अडकलं तर ड्रमवर हातोडीने हलके ठोके द्या, नाही सुटलं तर ड्रम काढा, जबरदस्तीने ओढून चाकं सोडवायच्या भानगडीत पडू नका. ब्रेक ऑइल बघा, चाकामागे ओघळ आहे का बघा. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, उदाहरणार्थ 2318, म्हणजे 2018 सालचा 23 वा आठवडा. तारीख जुनी आणि भिंतीवर केसासारख्या चिरा असतील तर त्या टायरवर गावातल्या गावात ओढण्यापुरताच भरवसा ठेवा. एका चाकाच्या बेअरिंगमधून घरघर येत असेल तर तेही आत्ताच ऐकू येईल.

गिअर न्यूट्रल, हे सगळ्यांना माहीत असतं. इंजिन जाम असलं तरी न्यूट्रलमध्ये चाकं फिरतात, त्याची काळजी नको. पण ओम्नी मागच्या चाकांवर चालणारी गाडी आहे. चाकं फिरली की डिफरन्शियल (मागच्या दोन चाकांना जोर वाटून देणारा गिअरचा गोळा), त्याला गिअरबॉक्सशी जोडणारा जॉइंट म्हणजे प्रॉपेलर शाफ्ट, आणि गिअरबॉक्समधला मुख्य शाफ्ट फिरतो. इंजिन बंद असल्याने खालचा शाफ्ट मात्र फिरत नाही, आणि तेल उडवून वर पोहोचवायचं काम त्याचंच. चार-सहा किलोमीटर चालतं. लांब न्यायची असेल तर डिफरन्शियलकडच्या फ्लँजचे, म्हणजे जोडणीच्या चकतीचे, बोल्ट काढून जॉइंट सोडवावा लागतो, आणि सोडवण्याआधी दोन्ही फ्लँजवर छिन्नीने एक सरळ खूण मारायची, म्हणजे बसवताना जिथल्या तिथे बसतो आणि गाडी थरथरत नाही. ट्रकवाले घाटात गाडी बंद पडली की आधी जॉइंट किंवा हाफ शाफ्ट काढतात ते याच कारणासाठी.

हे वाचणाऱ्या इतरांसाठी एवढंच: तुमची गाडी ऑटोमॅटिक असेल तर जिची चाकं गिअरबॉक्सला जोडलेली आहेत ती चाकं जमिनीवर ठेवून ओढू नका, कारण तिथे तेलाचा पंप इंजिनवर चालतो. फोर व्हील ड्राइव्ह, हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक असेल तर दांडा-दोर विसरा, चारही चाकं उचलून फ्लॅटबेडवरच, म्हणजे सपाट पाठीच्या ट्रकवरच. इलेक्ट्रिक गाडीची चाकं फिरली की मोटरच जनरेटर होते. एअर ब्रेकच्या ट्रकला हवा संपली की मागची चाकं स्प्रिंगने जाम होतात, तो पूर्ण वेगळा विषय आहे.

आता रस्ता. कराड ते पुणे 160 किलोमीटरच्या आसपास. ताशी 24 ने गेलात तर न थांबता पावणेसात तास. एवढा वेळ तुम्ही दोन गाड्या जोडून अशा हायवेवर असणार की जिथे मागून येणारा ऐंशी-शंभरने येतोय. ‘ऑन टो’ची पाटी वाचून, समजून, लेन बदलायला त्याला किती क्षण मिळतील ते मोजा. आणि वेग वाढवलात तर सव्वासहा पटीचा हिशोब मी वर दिलाच आहे.

त्यात हा रस्ता सपाट नाही. सुरूर, वेळे सोडलं की खंबाटकीचा चढ, बोगदा, आणि जुन्या बोगद्यातून बाहेर पडल्यावरचा उतार आणि एस वळण. त्या वळणावर किती गाड्या आम्ही उचलल्या, त्याची वही माझ्याकडे आहे, ती पुन्हा उघडावीशी वाटत नाही. पुढे खेड शिवापूर सोडून कात्रजचा नवा बोगदा, आणि त्यानंतर नवले पुलापर्यंतचा तो सलग उतार. पुण्यात राहता म्हणजे तुम्हाला तो उतार वेगळा सांगायला नको. तिथे सुस्थितीतल्या ट्रकचे ब्रेक तापून निकामी होतात. पाच टक्के उतार धरला तरी ओम्नी सतत 25 किलोच्या आसपासचा रेटा बोलेरोला देत राहणार, आणि हे सगळं मिनिटामिनिटाला पडणाऱ्या ब्रेकच्या वर. चढावर उलटा त्रास: पहिल्या गिअरमध्ये क्लच अर्धा सोडून निघताना प्लेट तापते, जळका वास येतो, आणि बोलेरोही तिथेच उभी राहते. मग मला दोन गाड्यांसाठी फोन येतो.

म्हणून माझं उत्तर स्पष्ट आहे. दांड्याने पुण्यापर्यंत आणू नका. गावातून हायवेजवळच्या गॅरेजपर्यंत, चार-सहा किलोमीटर, दांड्याने आणा. तिथून पुढे गाडी चारही चाकांसकट कशावर तरी चढवून न्या.

फ्लॅटबेड परवडत नसेल म्हणून तुम्ही दांडा मागवला असणार, ते समजतं. त्यावर आमच्या भागात चालणारा एक उपाय आहे. ओम्नीची लांबी 3370 मिलिमीटर, म्हणजे अकरा फुटांच्या थोडी वर, आणि रुंदी 1410. चौदा फुटी ट्रकच्या हौद्यात ती आरामात बसते. पुण्याकडे रिकामा परतणारा ट्रक मिळाला तर भाडं बरंच खाली येतं. चढवायला क्रेन लागत नाही. ट्रॅक्टर चढवतात तसं एखाद्या उंच बांधाला किंवा मुरमाच्या ढिगाऱ्याला ट्रकचं फाळकं टेकवायचं, मधल्या फटीवर दोन जाड फळ्या, आणि ओम्नी पाच जणांनी हळू ढकलत आत. ढकलताना ड्रायव्हर सीटवर माणूस हवा आणि प्रत्येक चाकामागे दगड घेऊन एक जण हवा. आत गेल्यावर पहिला गिअर, हँडब्रेक, चारही चाकांना ठोकळे, आणि रॅचेटचे पट्टे चाकांवरून बांधायचे. बॉडीला बांधलेला पट्टा स्प्रिंग दबले की सैल पडतो. उतरवायला पुण्यात तसाच बांध मिळणार नाही, ते आधी बघून ठेवा. तुमच्या भागातल्या गॅरेजकडे रॅम्प आहे का, एक फोन करा.

आता त्या चार-सहा किलोमीटरसाठी दांडा कसा लावायचा. आधी दांडा स्वतः बघा, विशेषतः दोन पाय जिथे टोकाला मिळतात तिथलं वेल्डिंग. रंग खरवडून बघा. एकसारख्या बारीक लहरी दिसल्या तर ठीक. फुगे, छिद्रं, किंवा दोन्ही बाजूंना धातू न धरता वर नुसता थर बसलेला दिसला तर तो दांडा वापरू नका. आमच्याकडे एकदा मचाणाच्या पाइपातून बनवलेला दांडा आला होता. वेल्डिंग तोंडाशी उकललं होतं आणि आतून खापरीसारखं कोरडं. वरून मात्र दोन हात रंग मारलेला, चकचकीत.

पिन आणि बोल्ट दांड्याइतकेच महत्त्वाचे. डोक्यावर 8.8 कोरलेला बोल्ट घ्या, आकडा नसलेला साधा बोल्ट नको. भोकात बोल्टचा गुळगुळीत भाग बसला पाहिजे, आटे नव्हेत, कारण आट्याच्या खाचेतूनच बोल्ट कापला जातो. नटावर भरवसा ठेवू नका, पुढे स्प्लिट पिन घाला आणि तिची टोकं वळवा. दांडा बंपरला, टायरॉडला किंवा अँटिरोल बारला जोडू नका. चासीच्या टो हुकालाच जोडा. काही गाड्यांना खाली ट्रकवर बांधण्यासाठी बारीक कडी दिलेली असते, ती ओढण्यासाठी नसते. हुकाजवळचा पत्रा पेचकसाने टोचून बघा. आत गेला तर तिथे जोडायचं नाही.

दांडा जोडल्यावर बाजूने उभे राहून बघा. तो जमिनीला समांतर हवा. एका टोकाला फार वर गेला असेल तर ब्रेकच्या वेळी तो एका गाडीला खाली दाबतो आणि दुसरीला उचलतो. मग दोन साखळ्या, दांड्याखालून एकमेकींना छेद देऊन. पिन सुटलीच तर दांडा त्या फुलीत पडतो, रस्त्यात रुतून ओम्नीला पालथी करत नाही. साखळ्या वळणापुरत्या सैल, रस्त्याला न घासणाऱ्या. ओम्नीला चांगली बॅटरी बसवा, म्हणजे इंडिकेटर, ब्रेक लाइट आणि हॉर्न चालतील. पाटी पाठीला. सकाळी निघा, उजेडात, आठवडी बाजाराचा दिवस सोडून. दोघांनी फोन स्पीकरवर चालू ठेवा, आणि फोन कट झाला तर मागून एक लांब हॉर्न म्हणजे थांब, एवढंच ठरवा. पहिले शंभर मीटर गेल्यावर थांबा, उतरा, पिन बघा, ड्रमला हात लावून तापलाय का बघा. मग पुढे. मी स्वतः ताशी 20 च्या वर जात नाही.

विम्याबद्दल कुणी बोलत नाही म्हणून लिहितो. आपल्याकडच्या नेहमीच्या पॅकेज पॉलिसीत एक बंद पडलेली गाडी, भाडं न घेता, ओढताना तिसऱ्याला झालेल्या नुकसानीची जबाबदारी चालू राहते असं कलम असतं. पण ओढल्या जाणाऱ्या गाडीचं नुकसान त्यात धरत नाहीत. म्हणजे वाटेत ओम्नीचं काही झालं तर बोलेरोची पॉलिसी ते भरून देणार नाही. ओम्नीचा स्वतःचा विमा तीन वर्षांत संपला असेल तर आधी तो बघा. आणि चुकून हायवेवर अडकलात तर 1033 हा राष्ट्रीय महामार्गाचा मदत क्रमांक आहे. त्यांची क्रेन येऊन गाडी रस्त्यातून बाजूला घेते.

शेवटी तुम्ही विचारलंत की दांडा परत करू का. वेल्डिंग वर सांगितल्याप्रमाणे पास झालं तर करू नका. त्या चार-सहा किलोमीटरला तो दोरापेक्षा बरा आहे. पिना मात्र बदला. सोबत आलेल्या पिनांच्या डोक्यावर आकडा आहे का, ते आजच बघा आणि दांड्याच्या टोकाचा, तसंच ओम्नीच्या पुढच्या हुकांचा जवळून फोटो टाका. पत्रा किती खाल्लाय ते फोटोतही बऱ्यापैकी कळतं, मग कुठे जोडायचं ते नेमकं सांगतो.